हेमांगीची पोथी

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार. आदल्या दिवशी सूर्यग्रहण होऊन गेलं होतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पाऊस मात्र नव्हता. पश्चिमेचा वारा एवढा होता की वरवंडच्या माळवाडीत शेवंतीच्या रोपांची पानं दुपारपर्यंत उलटीच दिसत राहिली.

श्रावणाचा तो पहिला दिवस, आणि तात्याबाच्या पडवीत पोथी लागायची होती. माळवाडीत श्रावणातली पोथी म्हणजे धुरपदाची. तात्याबाच्या धाकट्या भावाची ती बायको. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा महामार्गावर ट्रकखाली गेला, ती माहेरी परत गेली नाही, आणि जाऊ गिताबाई हिनंही तिला कधी जा म्हटलं नाही. धुरपदा सातवीपर्यंत शिकलेली होती. न अडखळता, घाई न करता, थांबायच्या जागी थांबून वाचायची, म्हणून दुपारी फुलं निवडून झाली, करंड्या बांधून पुण्याच्या टेंपोत चढल्या, की आजूबाजूच्या बायका हातपाय धुऊन तिच्यासमोर येऊन बसत. रोज एक अध्याय. लावलेली पोथी अर्धी ठेवायची नाही आणि पुढचं पान आधी चाळायचं नाही, हे नियम तिथं सगळ्यांनाच पाठ होते.

त्या वर्षी पोथीला कारण होतं. तात्याबाला आबा म्हणणारी त्याची एकुलती एक मुलगी स्वप्नाली लग्नाची झाली होती. दोन स्थळं पोहे खाऊन गेली होती आणि दोन्हीकडून पुढं निरोप आला नव्हता. मुलीला पाटावर बसवून तिच्या नावानं स्वयंवराची पोथी वाचली तर वर्षाच्या आत तिचं लग्न होतं, अशी वाडीची श्रद्धा होती, आणि आपलंही असंच जमलं होतं हे सांगणाऱ्या बायका तिथंच मांडी घालून बसलेल्या होत्या.

चौरंग मांडला. समई लागली. स्वप्नालीला पाटावर बसवलं, गिताबाईनं तिच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं, आणि ही पोथी पुरी झाल्याशिवाय उठणार नाही असं म्हणून तिनं ते ताम्हनात सोडलं. मग धुरपदानं पोथीचं लाल फडकं सोडलं. वरचं पुठ्ठ्याचं आवरण जसंच्या तसं होतं. आत वाळवीनं केलेली माती होती.

"आता गं?" गिताबाई म्हणाली.

म्हाळसाआत्या वाडीतली सगळ्यांत थोरली. तिच्या सासऱ्यापर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरणारं ते घर. आता तिचे नातू ऊस लावत होते, पण शकुन-अपशकुनाचा निवाडा अजून तिचाच चाले. ती म्हणाली, "पानी सोडलंय न्हवं? मग आता उठायचं न्हाई. घरात छापील काय आसंल ते आणा आन् वाचा. पानी सोडल्यावर रिकामं उठू नये."

"भिंतीवरचं कॅलिंडर वाचू का?" शेजारची सिंधूबाई म्हणाली, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

स्वप्नाली पाटावरून उठू शकत नव्हती. तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "काकी, दौंडहून रद्दी आणली न्हाई का फुलं बांधायला, त्यात एक पुस्तक आलंय. कव्हर न्हाई त्याला. त्यातबी लगीन हाय, मी बघितलंय."

असं ते पुस्तक लाल फडक्यात गेलं. जुनी कादंबरी होती. पहिली काही पानं नव्हती, त्यामुळं नाव कळायला मार्ग नव्हता आणि लिहिणाराही कळला नाही. धुरपदानं त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि जिथून पान सुरू होत होतं तिथून नेहमीच्याच आवाजात वाचायला सुरुवात केली. 'हेमांगी घाटाच्या पायऱ्यांवर बसून दीप सोडणाऱ्या स्त्रियांकडे पाहत होती. या जलाला पैलतीर आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.'

हेमांगी ही नदीकाठच्या एका गावातल्या पोस्टमास्तरांची मुलगी. तिच्या गावाला पूल बांधायला एक तरुण इंजिनिअर येतो. तो पलीकडच्या काठावर दुर्बीण लावून उभा राहतो आणि ही अलीकडं. पूल पुरा व्हायच्या आधी दोघांचं मन जुळतं. एवढ्याच गोष्टीवर त्या लिहिणाऱ्यानं कितीतरी पानं खर्च केली होती. पण बायकांना ती पानं जड झाली नाहीत. फुलं निवडताना त्या हेमांगीविषयी बोलत, जशा शेजारणीविषयी बोलतात तशा.

"रोज संध्याकाळी पायरीवर बसून वाट बघती," सिंधूबाई म्हणाली. "आपल्याला कुणी वाट बघायला येळ तरी दिला का? आमचं धनी कधी आलं आन् कधी गेलं, चुलीवरच कळलं."

"तुझं धनी म्हंजी मुक्कामाची यष्टी. येनारच, आन् उशिरा," म्हाळसाआत्या म्हणाली.

"हसा. पन अशी बाई पायजे. एका मानसावर जीव लावावा तर आसा."

वाट पाहणाऱ्या बाईचं काय होतं हे धुरपदाला स्वतःवरून ठाऊक होतं. लिहिणाऱ्याचं हेमांगीवर प्रेम होतं यात शंका नव्हती. पण तो तिला पुन्हापुन्हा त्या पायऱ्यांवरच आणून उभी करत होता, आणि दर वेळी एक पायरी खाली. बायकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. म्हणून एका सकाळी, पडवीत कुणी नसताना, तिनं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि शेवटचा अध्याय काढून मनात वाचला. लग्नानंतर नवरा दुसऱ्या पुलाच्या कामावर जातो. त्याची पत्रं थांबतात. हेमांगी दिवा घेऊन घाटावर येते, पायऱ्या उतरत जाते, काही बोलत नाही, आणि दिवा तेवढा पाण्यावर राहतो. एवढंच होतं. धुरपदानं पुस्तक मिटून फडक्यात बांधलं आणि ती फुलांच्या वाफ्यांत पाणी धरायला गेली.

लग्नाच्या अध्यायाच्या दिवशी स्वप्नालीला नवी साडी नेसवली, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकांचं वर्णन आलं तेव्हा बायकांनी तिच्यावर अक्षता टाकल्या. सिंधूबाई म्हणाली, "काय हेमांगीबाई, नवरा बरा हाय न्हवं?" आणि स्वप्नाली लाजून हसली. त्याच आठवड्यात शिरूरकडून स्थळ आलं. मुलगा शंभू, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला, कारेगावात भाड्याची खोली. त्यांनी पोहे खाल्ले आणि तिथंच होकार दिला. म्हाळसाआत्यानं लाल फडक्याला हात जोडले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी धुरपदानं समाप्ती केली. हेमांगीचा नवरा रजेवर येतो आणि दोघं टांग्यातून नव्या पुलावरून फिरायला जातात, असा एक अध्याय होता. त्याच्या शेवटी तिनं "संपूर्ण" असं स्वतःच्या पदरचं म्हटलं आणि पुस्तक मिटलं. पुरणाचा नैवेद्य झाला. एक अध्याय राहिला होता हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आपल्या पोरीच्या नावानं पाणी सोडून तसला शेवट वाचायचा नाही, एवढाच तिचा विचार होता, आणि तो तिला आजवरच्या सगळ्या नियमांपेक्षा सरळ वाटला.

तुळशीचं लग्न झालं आणि डिसेंबरात शिरूरला स्वप्नालीचं लग्न लागलं. पाठराखीण म्हणून धुरपदा गेली. दुसऱ्या दिवशी नाव ठेवायचा कार्यक्रम झाला. ताटात तांदूळ पसरले, शंभूनं अंगठीनं सावकाश अक्षरं काढली, आणि सगळे म्हणाले, वाचा की कुणीतरी. धुरपदा जवळ होती. तिनं वाचलं. तांदळात 'हेमांगी' लिहिलेलं होतं.

नाव सगळ्यांना आवडलं. पेढे वाटले गेले. संधी पाहून धुरपदानं शंभूला विचारलं, "पाव्हणं, हे नाव कुठनं काढलंत?"

"सुचलं, काकी. का, वाईट हाय व्हय?"

"छे. चांगलं हाय."

मग तिनं स्वप्नालीला बाजूला घेतलं. "तू सांगितलंस व्हय गं त्यास्नी?"

"न्हाई, काकी. तुमची शप्पथ." तिनं गळ्याला चिमूट लावली. डाव्या करंगळीचं नख लहानपणी विळ्यानं दुभंगलेलं होतं आणि तसंच दोन फाकांत वाढत राहिलं होतं. ते त्या वेळी धुरपदाला दिसलं. "मला वाटलं, तुम्हीच म्हनालात."

संक्रांतीला जावई आणि लेक माळवाडीला आली. मोटारसायकलवरून उतरताना तिनं काळ्या साडीच्या निऱ्या दोन बोटांत धरल्या होत्या. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, ती आत आली, क्षणभर पडवीकडं पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, आपण किती थकलात! आणि हा उंबरा पूर्वी केवढा उंच वाटायचा मला."

बायका एकमेकींकडं पाहून हसल्या. "कारेगावचं पानी लागलं गं बया," सिंधूबाई म्हणाली. "कंपनीतल्या साहेबिणीवानी बोलाय लागली."

हे वाक्य धुरपदानं वाचलेलं होतं. माहेरी आल्यावर हेमांगी आपल्या वृद्ध आत्याला तेच म्हणते. पोरीनं पोथी मन लावून ऐकली होती, एखादं वाक्य जिभेवर राहिलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. हळदीकुंकवाच्या वेळी ती मुद्दाम तिच्यासमोर बसली. डावा हात ताटाशी आला. करंगळीचं नख अखंड होतं, गुलाबी, बदामासारखं.

"नख बरं झालं गं तुझं."

"कोणतं नख, काकी?" ती गोड हसून म्हणाली.

चेहरा तोच होता. निदान, तो तोच नाही असं म्हणायला धुरपदाजवळ काही नव्हतं. लेक ती रात्र राहिली, सकाळी तिळाची वडी बांधून घेऊन गेली, आणि जाताना सगळ्यांच्या पाया पडली. धुरपदाच्या पाया पडताना ती म्हणाली, "आपली ती पोथी अपुरीच राहिली ना, काकी?" मोटारसायकल महामार्गाला लागेपर्यंत धुरपदा अंगणात उभी राहिली.

पाडव्याच्या आधी झेंडूची तोडणी सुरू झाली. शेडमध्ये बायका ढिगाभोवती बसल्या होत्या. बोलता बोलता सिंधूबाईनं विचारलं, "हेमांगीचा काय निरोप? दिस ऱ्हायल्यात म्हनं."

"तिसरा लागला," गिताबाई म्हणाली.

"आन् काय गं धुरपदे," म्हाळसाआत्या म्हणाली, "ती पोथीतली पोरगी, तिचं पुढं काय झालं? त्या दिशी तू टांग्यावरच पुरं केलंस. मला काय ते पुरं वाटलं न्हाई बग."

"कोण? हेमांगी?"

"हेमांगी कशी आसंल? हेमांगी आपली. ती पोथीतली गं. पायरीवर बसायची ती. स्वप्नाली."

धुरपदाच्या हातातलं फूल हातात राहिलं. म्हातारी आहे, नावांची अदलाबदल झाली, असं तिला वाटलं. तिनं सिंधूबाईकडं पाहिलं. सिंधूबाई फुलं निवडत म्हणाली, "मलाबी तिचीच आठवन येती कवा कवा. लई जीव लावला त्या बाईनं. पन अशा बायका पोथीतच बऱ्या. संसाराला आपली हेमांगी बरी."

धुरपदानं गिताबाईकडं पाहिलं. ती आई होती. तिनं मान डोलावली आणि पुढची करंडी ओढली.

त्यानंतर धुरपदा बारीक बारीक गोष्टी विचारून पाहू लागली. भिंतीवर उंची मोजायच्या रेघा होत्या, त्या कुणाच्या? हेमांगीच्या, तात्याबा म्हणाला. पाचवीत असताना विहिरीवरच्या चिंचेवरून कोण पडलं होतं? कुणी नाही, चिंचेवरून कोण पडेल? वाफ्यात विळा कुणाला लागला होता? गिताबाईला वाटलं, तिला स्वतःलाच. तिनं आपली दहाही नखं उलटसुलट करून पाहिली.

शेवटी एकदा चुलीपाशी दोघीच असताना धुरपदा म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या लेकीचं नाव स्वप्नाली हाय. हेमांगी ते सासरचं."

गिताबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि तिच्याजवळ येऊन बसली. रागावली नाही. "धुरपदा," ती म्हणाली, "तू एकटी हायस. तुला लेकरू न्हाई. त्या पुस्तकातल्या बाईवर तुझा जीव बसला, आमाला दिसतंय ते. पन माझ्या पोरीला तिच्यात कालवू नगं. त्या बाईचं बरं न्हाई झालं."

"तुम्हाला कसं ठावं, तिचं बरं न्हाई झालं? मी वाचलं न्हाई ते."

गिताबाई विचारात पडली. "कुनीतरी म्हनलं," ती म्हणाली, आणि उठून भाकरी उलटली.

त्या दुपारी धुरपदानं लाल फडकं सोडलं. शेवटचा अध्याय तिला जवळजवळ पाठ होता. घाट तोच होता, संध्याकाळ तीच, दिवा तोच. नाव त्या अध्यायात कुठंच नव्हतं. नुसतं 'ती' होतं. आधीही तसंच असेल, तिच्या ध्यानात नव्हतं एवढंच. पण शेवटच्या पायरीपाशी, जिथं हेमांगी काही न बोलता पाण्यात उतरते असं तिनं वाचलं होतं, तिथं ती उतरलेली नव्हती. तिथं अवतरणात एक ओळ होती, बाकीच्या मजकुरासारखीच, थोड्या पुसट शाईत.

'काकी, कुठवर उभी ऱ्हाऊ?'

धुरपदानं ती ओळ बोटानं झाकली, बोट काढलं, पुन्हा वाचली. त्याखाली दिव्याचं वाक्य होतं आणि नंतर कोरा कागद. तिनं पान मिटलं. जोवर आपण हा अध्याय मोठ्यानं वाचत नाही तोवर ती तिथं उभी आहे, असं तिच्या मनानं घेतलं. फडकं तिनं आपल्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

जुलैत हेमांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पाय सुजलेले होते. दौंडच्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून झोपून राहायला सांगितलं. ती पडवीत खाटेवर पडून असायची, कण्हायची नाही, कुणाला त्रास द्यायची नाही. पाणी आणून देणाऱ्याचेही आभार मानायची. वाडीतल्या बायकांना तिचं फार कौतुक होतं. धुरपदाही तिचे पाय चेपत असे. पाय खरे होते, ऊन होते, आणि पोटातलं मूल हाताला लाथ मारायचं. त्या मुलाचा यात काहीच संबंध नव्हता, हे धुरपदाला दिसत होतं.

"राहिलेला अध्याय वाचून टाका, काकी," हेमांगी एकदा डोळे मिटून म्हणाली. "अपुरं काही ठेवू नये."

"तुला का गं एवढी घाई?"

"मला भीती वाटते. ती माझ्यासाठी थांबली आहे असं वाटतं."

श्रावण तोंडावर आला आणि नवी पोथी मांडायची वेळ आली, तेव्हा एक अध्याय राहिल्याची ही गोष्ट म्हाळसाआत्यापर्यंत गेली. ती काठी टेकत आली. हेमांगीच्या पायांवर बोट दाबून तिनं खळगा पाहिला आणि धुरपदाकडं वळली. "पानी सोडून लावलेली पोथी तू अर्धी ठेवलीस? आन् वरतून पुरनपोळी खाल्लीस?"

"खाल्ली तुम्हीबी," धुरपदा म्हणाली.

"मला कुठं ठावं होतं! जुनी पुरी केल्याबिगर नवी मांडता यायची न्हाई. आन् ह्या पोरीचं काय वंगाळ झालं तर ते कुनाच्या माथी?"

गिताबाईनं धुरपदाचे पाय धरले. इतक्या वर्षांत ती थोरली जाऊ होती आणि तिनं असं कधी केलं नव्हतं. धुरपदानं तिला उठवलं, पण वाचते असं म्हटलं नाही. ट्रंकेची किल्ली तिच्या मुठीत होती.

वाट तात्याबानं काढली. तो कमी बोलणारा माणूस, बायकांच्या पोथीत कधी न पडणारा. "वाचवत न्हाई तर नगं वाचू," तो म्हणाला. "जुनी पोथी आपन पान्यातच सोडतो न्हवं? घोर कशाला. भीमाईच्या पोटात घालू, मोकळं होऊ."

सगळ्यांना ते पटलं. धुरपदालाही, त्या क्षणी, सुटका झाल्यासारखं वाटलं. वाचायचं नव्हतं, म्हणजे पायरी उतरायची नव्हती.

श्रावणाच्या आदल्या दिवशी सकाळी तात्याबानं तिला एम-एटी गाडीवर मागं बसवून दौंडला नेलं. भीमेला धरणाचं पाणी सुटलेलं होतं. गढूळ, तांबूस, बऱ्याच पायऱ्या वर आलेलं. घाटावर एक बाई घोंगड्या आपटत होती. धुरपदा पाण्याच्या वरच्या पायरीवर बसली. आत्तापर्यंत तिनं या घाटाच्या पायऱ्यांचा विचार केला नव्हता. तो तिथं बसल्यावर आला.

तिनं फडकं सोडलं आणि शेवटचं पान काढलं. ओळ बदललेली होती.

'काकी, आबा आल्यात व्हय?'

घोंगड्यांचा आवाज येत होता. धुरपदा उठली. "दादा," ती म्हणाली, "तुम्हाला पोरी किती?"

"एकच. हेमांगी. का गं?"

"हे वाचा."

तात्याबाला एसटीच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापलीकडं फारसं नाही. तरी तिनं म्हटलं म्हणून त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं, ओळीवरून जाड बोट फिरवलं, ओठ हलवले. धुरपदा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"लई बारीक हाय अक्षार," तो म्हणाला.

"मी न्हाई सोडत, दादा. मी घरी घेऊन जाते. मी कुनाला दाखवनार न्हाई."

त्याला वाटलं, ती पाण्याला भ्यायली. तिच्या नवऱ्यामागं त्यानं तिला बहिणीसारखं सांभाळलं होतं. "नगं भिऊ," तो म्हणाला. "तू बस वर. मी सोडतो." त्यानं तिच्या हातातून पुस्तक हळूच सोडवून घेतलं, फडक्यात नीट गुंडाळलं, गाठ मारली. मग चपला काढून पाण्यात गुडघ्याइतका उतरला, गाठोडं कपाळाला लावलं, आणि गौरी विसर्जन करताना बायका म्हणतात तसं, पुरुषाला न शोभणाऱ्या हळू आवाजात म्हणाला, "जा बाई. पुन्यांदा ये."

लाल फडकं थोडं अंतर तरंगत गेलं. मग पाण्यानं ते आत घेतलं.

परतीच्या वाटेवर त्यानं चहासाठी गाडी थांबवली. धुरपदानं चहा घेतला. दुसऱ्या दिवशी नवी पोथी लागली आणि तिनं ती नेहमीसारखी, न अडखळता वाचली. आठवडाभरात हेमांगीच्या पायांची सूज उतरली.

३ ऑक्टोबर २००० रोजी दौंडच्या दवाखान्यात हेमांगी बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. बाराव्या दिवशी पडवीत पाळणा बांधला. शंभूची बहीण नाव ठेवायला पुढं झाली, तेव्हा हेमांगी म्हणाली, "नाव काकींनी सुचवावं. काकींनी एवढं वाचलेलं आहे."

सगळ्यांनी धुरपदाकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, उंची मोजायच्या रेघांपाशी. बराच वेळ तिचे ओठ हलत राहिले. बायका थांबल्या. तिला एकही नाव आठवलं नाही, त्या रेघा जिच्या होत्या तिचंसुद्धा.

शंभूच्या बहिणीनं मुलीच्या कानात नाव सांगितलं. राजनंदिनी.